आमच्या गेटपासून कैलालीपर्यंत

सुट्टीत परदेशी जाऊन तिथल्या गरीब मुलांसाठी काही करून यावं, असं मनात असलेली दोन-तीन कुटुंबं तरी दरवर्षी आमच्याकडे चौकशी करतात. कुठे जायचं, कुणाला भेटायचं, मुलांना न्यावं का, खर्च किती येतो. आम्ही म्हणजे मी, नवरा, दोन मुलं आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या माझ्या सासूबाई. आमचा परदेश म्हणजे नेपाळ, तोही पोखरा-काठमांडूचा नव्हे. पार पश्चिमेच्या तराईतला कैलाली जिल्हा. फोनवर तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदाच लिहून काढते. क्रमाला फारसा अर्थ नाही. पहिला मुद्दा मात्र पहिलाच आहे.

१. अनाथालयात जाऊ नका.

आम्हीही शोधायला सुरुवात केली ती तिथूनच. 'कुटुंबासह सेवा' असं काही शोधलं की पहिल्यांदा बालगृहंच समोर येतात. तळ्याकाठचं गाव, हसरी मुलं, आठवड्याचं शुल्क, त्यात राहणं-जेवण आणि एक दिवस नौकाविहार. मी तर फॉर्म भरायला बसले होते. सासूबाईंनी चष्मा लावून तो फॉर्म वाचला आणि म्हणाल्या, "यात आपल्याला काहीच विचारलेलं नाही गं. आपण कोण, काय करतो, पोलिसांत काही नोंद आहे का. माझ्या शाळेत पालक आला तरी वहीत नाव लिहून घ्यायचो आम्ही." विचारलं होतं ते फक्त पैसे कसे भरणार एवढंच.

मग आम्ही वाचायला लागलो आणि जे कळलं ते सांगते. युनिसेफच्या अंदाजानुसार नेपाळमधल्या अनाथालयांतल्या सुमारे ८५ टक्के मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण तरी, हयात आहे. १९९६ ते २००६ या यादवीच्या काळात हुमलासारख्या दुर्गम डोंगरी जिल्ह्यांतून दलाल मुलं घेऊन येत. "काठमांडूला शिकवतो, सुरक्षित ठेवतो" असं सांगून आईबापांकडूनच पैसे घेत. इकडे तीच मुलं अनाथ म्हणून दाखवली जात. कॉनर ग्रेनन नावाचा अमेरिकन तरुण २००४ साली अशाच एका बालगृहात स्वयंसेवक म्हणून गेला, आणि मुलांचे आईबाप जिवंत आहेत हे समजल्यावर हुमलाच्या डोंगरांत पायी फिरून त्यांना शोधत राहिला. २०१५च्या भूकंपानंतर पुन्हा तोच धोका दिसला, तेव्हा नेपाळ सरकारने परवानगीशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घातली.

हे दुष्टचक्र चालतं ते आपल्यासारख्यांच्या पैशावर. पाहुणे येतात म्हणून मुलं लागतात. बालगृहं बहुतेक पर्यटक जातात त्याच गावांत का दाटलेली आहेत, हे एकदा नकाशा समोर ठेवून बघा. सगळीच तशी आहेत असं मी म्हणत नाही. पण आठ दिवसांच्या पाहुण्याला चांगलं-वाईट ओळखता येत नाही. आणि जे खरोखर चांगलं असेल ते आपल्याला मुलांच्या खोलीपर्यंत सोडणारच नाही.

शिवाय, दर पंधरवड्याला नवी ताई, नवा दादा. लळा लागला की तो माणूस जातो. आपल्याकडे घरकामाची बाई बदलली तरी लहान मूल चार दिवस कुरकुरतं म्हणून आपण हळहळतो.

२. मुलांच्या घरचा माणूस आधी गाठा.

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत रात्रपाळीला जे वॉचमन आहेत त्यांना सगळे दाजू म्हणतात, मुलं दाजूकाका. मुंबई-ठाण्यात अशी हजारो माणसं अछाम, डोटी, बझांग, कैलाली या जिल्ह्यांतून पिढ्यान्‌पिढ्या येत आहेत. बापाने ज्या गेटवर रात्र काढली त्याच गेटवर मुलगा, असंही आहे. आमच्या दाजूंचं घराणं मूळचं डोंगरातलं. वडिलांच्या वेळी खाली कैलालीत उतरलं.

नेपाळचं आमचं काहीतरी चाललंय हे त्यांच्या कानावर गेलं. एका रात्री पाण्याच्या टँकरची वाट बघत उभे असताना म्हणाले, "वहिनी, फोटो बघून कशाला जाता? आमच्या गावात शाळा आहे. पहिलीत पोरं मावत नाहीत, पाचवीला निम्मी उरतात. त्याचं काहीतरी करा." पण लगेच पुढे, "आधी बायकोला विचारतो. आणि हेडसरांना."

हेडसरांचं उत्तर मेसेंजरवर आवाजी निरोपाने आलं. त्यांना माझ्यात रस नव्हता, ह्यांच्यात नव्हता, मुलांच्या चित्रकलेतही नव्हता. आजी पहिली-दुसरीला किती वर्षं शिकवत होत्या, आणि किती दिवस राहतील, एवढंच त्यांनी विचारलं. इतका नेमका प्रश्न कुठल्याही माहितीपत्रकात मला सापडला नव्हता. आम्हाला बोलावणारं कुणीतरी तिथलं, नावागावाचं आणि आमच्यावर डोळा ठेवू शकणारं होतं. एवढं असलं की बाकीची निम्मी काळजी मिटते.

३. ओल्गा मरे यांचं डुकराचं पिल्लू लक्षात ठेवा.

कैलाली, कंचनपूर, बर्दिया, बांके, दांग या पाच जिल्ह्यांत थारू समाजाची मोठी वस्ती आहे. इथे कमैया नावाची वेठबिगारी होती. कर्ज फिटेपर्यंत जमीनदाराकडे राबायचं, आणि कर्ज कधी फिटत नसे. १७ जुलै २००० रोजी सरकारने कमैयांना मुक्त जाहीर केलं. जमीन मिळाली ती जास्तीत जास्त पाच कठ्ठे, म्हणजे आपल्या हिशेबाने जेमतेम सतरा गुंठे. कित्येकांना तीही बऱ्याच उशिरा मिळाली. आम्ही जातो त्या शाळेत निम्मी मुलं अशा मुक्त कमैयांच्या वस्तीतली आहेत.

कमैया गेले तरी कमलरी राहिल्या. सहा-सात वर्षांच्या मुलींना वर्षाच्या कराराने परक्या घरी कामाला पाठवायचं. हे करार माघीला व्हायचे, म्हणजे आपल्या संक्रांतीला. थारूंचं ते नवं वर्ष. आपण इकडे तिळगूळ वाटतो त्याच दिवशी तिकडे दलाल दारात यायचा. या प्रथेवर सरकारने पूर्ण बंदी जाहीर केली ती थेट २०१३च्या जूनमध्ये, एका कमलरी मुलीच्या मृत्यूवरून झालेल्या मोठ्या आंदोलनानंतर.

ओल्गा मरे या कॅलिफोर्नियातल्या वकील बाई. साठीला टेकल्यावर, १९८४ साली, पहिल्यांदा नेपाळला आल्या आणि मग २०२४मध्ये वयाच्या ९८व्या वर्षी जाईपर्यंत त्यांनी नेपाळशी नातं सोडलं नाही. दांगमध्ये मुली विकल्या जातात हे कळलं तेव्हा त्यांनी वसतिगृह बांधायला घेतलं नाही. २०००पासून त्यांच्या संस्थेने घरोघरी जाऊन सौदा केला: मुलगी घरी ठेवा, शाळेत घाला, तिच्या वर्षाच्या मजुरीच्या बदल्यात आम्ही तुम्हाला डुकराचं पिल्लू नाहीतर शेळीचं करडू देतो, शाळेचा खर्चही आमचा. पिल्लू वर्षभर वाढवून विकलं की मजुरीइतके पैसे सुटत. पुढे सुटून आलेल्या मुलींनीच पथनाट्यं केली, दलालांच्या गाड्या अडवल्या. अशा हजारो मुली घरी परतल्या.

माझं मत असं, की परदेशी जाऊन मुलांसाठी काही करायची इच्छा असणाऱ्या प्रत्येकाने आधी हे पिल्लू डोळ्यांसमोर आणावं. मूल शाळेत का येत नाही याचं उत्तर बहुतेक वेळा शाळेत नसतंच. भात लावणीला आई गेली की धाकट्याला कोण सांभाळणार, हे असतं. वही-पेन्सिलीने ते सुटत नाही.

४. शेवटच्या बाकावर बसा. बराच वेळ बसा.

हा सासूबाईंचा मुद्दा. त्यांच्याच शब्दांत लिहायला हवा होता, पण त्या लिहायला तयार नाहीत.

पहिल्या दिवशी हेडसरांनी खडू पुढे केला. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आईंनी, तो घेतला नाही. म्हणाल्या, आधी बघते. पहिलीच्या वर्गात मागे जाऊन भिंतीला टेकून बसल्या, आणि तो आठवडा जवळजवळ तशाच बसून होत्या. मला लाज वाटायला लागली. एवढा खटाटोप करून आलो आणि या बसून काय राहिल्यात! गावातल्या बायकाही दारातून डोकावून जात.

माझी मुलगी तेव्हा सातवीत. नेपाळी पुस्तक देवनागरीतच असतं, त्यामुळे तिने पहिलीचं 'मेरो नेपाली' उचललं आणि धडाधडा वाचून दाखवलं. मुलं चकित. शिक्षिका बाईंनी विचारलं, अर्थ? अर्थ तिला ठाऊक नव्हता. आई मागून म्हणाल्या, "बघ, या वर्गात सगळ्यांचं हेच झालंय."

कारण घरी ही मुलं थारू बोलतात. शाळेत नेपाळी. अक्षरं ओळखतात, ओळ म्हणतात, आणि ओळीत काय आहे ते कळत नाही. आईंना हे पहिल्याच दिवशी दिसलं, कारण त्यांची सगळी नोकरी तलासरी आणि डहाणूत गेली. तिथली पोरं घरी वारली बोलत आणि शाळेत मराठी पुस्तक समोर येई. गप्प बसणारं मूल मठ्ठ नसतं, ते भाषांतर करत असतं, असं त्या नेहमी म्हणत. मला ते तोवर नुसतं वाक्य वाटायचं.

मग काय केलं? भव्य काही नाही. शिक्षिका बाई डोंगरातल्या, त्यांनाही थारू तुटकच येई. वस्तीतली बारावी झालेली एक मुलगी वर्गात मदतनीस म्हणून बसू लागली. मुलांनी चित्रं काढली, आपापल्या घरातल्या वस्तूंची: मासे पकडायची जाळी, कणगी, चूल, बैलगाडी. चित्राखाली थारू शब्द, त्याखाली नेपाळी. शब्द आयांनी सांगितले, मदतनीस मुलीने लिहिले, शिक्षिका बाईंनी तपासले. आईंनी फक्त पुठ्ठे कापले आणि रोज शाळा सुटल्यावर बाईंशी चहा घेत तासभर बोलल्या. आपल्या भाषेत शिकण्याचा हक्क नेपाळच्या २०१५च्या संविधानात लिहिलेला आहे. तो वर्गापर्यंत यायला कुणीतरी पुठ्ठे कापावे लागतात.

आम्ही निघालो तेव्हा वर्गात आईंवाचून काही अडलं नाही. त्यांच्या मते तीच परीक्षा होती. बाई तिथे राहणार, मदतनीस मुलगी राहणार, आपण जाणार. म्हणून आपण त्यांच्या मागे उभं राहायचं, मुलांच्या पुढे नाही. आजही महिन्यातून एकदा त्या दोघींचा फोन असतो. हिंदी, मराठी आणि नेपाळी अशी खिचडी चालते आणि दोघींना एकमेकींचं सगळं कळतं.

५. आपल्या हातचं कसब तिथे कुणाकडे आधीच आहे का ते बघा.

आमचे हे विजेच्या कामातले. वर्गात पंखा नाही हे पाहून ह्यांनी टेस्टर आणि पक्कड बाहेर काढली. संध्याकाळपर्यंत कळलं, की शाळेच्या मागच्याच घरात कतारला सात वर्षं वायरिंग करून आलेला मिस्त्री राहतो आणि काम नाही म्हणून बसून आहे. मग सामान आम्ही आणलं, मजुरी शाळेच्या समितीने ठरवली, काम त्याने केलं आणि हे शिडी धरून उभे राहिले. त्याचं काम ह्यांच्यापेक्षा साफ आहे, हे ह्यांनी स्वतःच सांगितलं. दोनदा.

६. बॅगा भरून नेऊ नका.

वह्या, पेन्सिली, चपला धनगढीच्या बाजारात मिळतात. तिथेच घ्या, दुकानदार गावाला ओळखतो, बदलून देतो. जुने कपडे तर मुळीच नकोत. चॉकलेटं रस्त्यात वाटली की दुसऱ्या दिवशी मुलं शाळेऐवजी रस्त्यावर थांबतात. द्यायचं ते शाळेच्या हातून द्यावं. आणि फोटो: आपल्या मुलाच्या वर्गात कुणी परका येऊन फोटो काढू लागला तर आपण काय करू, तेवढाच नियम पुरतो.

७. कधी आणि कसं जायचं.

दिवाळीच्या सुट्टीत जाऊ नका. तिकडे दशैं आणि तिहार हे सण असतात, शाळा बंद. नेपाळी शैक्षणिक वर्ष वैशाखात, एप्रिलच्या मध्याला सुरू होतं. त्यामुळे आपल्या मे महिन्याच्या सुट्टीत तिथे नवे वर्ग नुकतेच बसलेले असतात. तराईत तेव्हा पारा चाळिशीला जातो, ते सोसावं लागतं. साप्ताहिक सुट्टी शनिवारी. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे.

आम्ही पुष्पक एक्स्प्रेसने लखनौ, तिथून लखीमपूर, पलिया, मग दुधवाच्या जंगलातून गौरीफंटा आणि सीमेपलीकडे धनगढी असे जातो. हाच दाजूंचा रस्ता. भारतीयांना व्हिसा लागत नाही, ओळखपत्र लागतं. शंभर रुपयांचे नेपाळी एकशे साठ होतात, हा दर बांधलेला आहे. शाळेत काम करायचं तर व्यवस्थापन समितीचा ठराव आणि पालिकेच्या शिक्षण शाखेला कल्पना, हे दोन्ही हवं. व्हिसा लागत नाही म्हणजे शाळेत शिरायची परवानगी मिळाली, असं नव्हे. आपण जिथे उतरतो त्या घरी राहण्या-जेवण्याचे पैसे द्यावेत. ते घेत नाहीत. तरी द्यावेत, बाईच्या हातात.

८. "बघा, गरिबी कशी असते" हे शिकवायला मुलांना नेऊ नका.

नेताना माझ्याही मनात ते होतंच, कुठल्या आईच्या नसतं? ताटात भाजी टाकणाऱ्या मुलाला जरा कळू दे. पण दुसऱ्याचं मूल हे आपल्या मुलाच्या संस्काराचं साहित्य नव्हे. शिवाय मुलं तसं शिकतही नाहीत. माझा मुलगा तिथून काय शिकून आला तर हापशावर घागर भरताना पाणी न सांडण्याची युक्ती आणि गोगलगाईची घोंघी चोखून खाण्याची पद्धत. सांडगे, लोणची, सुकवलेला गुंद्रुक, तांदळाच्या पिठाची वाफवलेली ढिकरी, सगळं त्याने खाल्लं. इकडे परतल्यावर पडवळाला हात लावत नाही, ते नाहीच लावत.

मुलीचं वेगळं झालं. दाजूंची लेक तिच्याच वयाची. दोघी पहिल्या दिवशी लाजल्या, दुसऱ्या दिवसापासून चिकटल्या. तिला आमची सोसायटी ठाऊक होती. म्हणजे इतकी, की आम्हालाच नवल वाटलं. रोज रात्री बाप केबिनमधून व्हिडिओ कॉल करतो, त्यामुळे गेटच्या आतला तेवढा तुकडा तिला पाठ. सकाळी पहिला फिरायला निघणारा आजोबा कोण, कुठली गाडी वाकडी लागते, तीन पायांची मांजर कुठे झोपते. "पाऊस आला की केबिनच्या डाव्या कोपऱ्यातून गळतं ना?" तिने माझ्या मुलीला विचारलं. माझ्या मुलीला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

मग ती म्हणाली, "तू बाबांना रोज बघतेस ना?" तिच्या आवाजात तक्रार नव्हती, नुसती चौकशी होती. माझी मुलगी रात्री मला म्हणाली, "आई, मी त्यांच्याकडे बघतच नाही गं. मी फक्त गेट उघडायला हाक मारते."

यावर मी तिला काही समजावलं नाही. केबिनचा पत्रा मात्र त्या जूनमध्येच बदलला.

९. पैशाचा हिशेब प्रामाणिकपणे मांडा.

आम्हा पाच जणांच्या जाण्यायेण्याच्या खर्चात वर्गातल्या त्या मदतनीस मुलीचं कित्येक महिन्यांचं मानधन निघतं. हा आकडा आम्ही कागदावर मांडला तेव्हा जेवणाच्या टेबलावर बराच वेळ कुणी बोललं नाही. म्हणून आता सगळे मिळून दरवर्षी जात नाही. आई जातात, सोबत आमच्यातलं कुणीतरी एक. वाचलेले पैसे शाळेच्या समितीच्या खात्यावर, पावतीसकट. मुलांना हा निर्णय आवडलेला नाही. माझ्या मुलीने तर "मग मी पाहुणी होते का?" असं विचारलं. हो, होतीस, म्हटलं. पाहुणं असण्यात वाईट काही नाही, फक्त पाहुण्याने आपल्याला कर्ता समजू नये.

१०. इकडचं काम तिकडच्या कामातच धरा.

दाजूंच्या गावातल्या मुलांना सर्वांत जास्त काय हवं, हे आईंनी एकदा पाचवीच्या वर्गाला लिहायला सांगितलं होतं. सायकल होती, मोबाइल होता, क्रिकेटची बॅट होती. आणि बऱ्याच जणांनी, वेगवेगळ्या शब्दांत, दशैंला बाबा घरी यावेत असं लिहिलं होतं. दशैंला थोरांच्या हातून कपाळावर टिका आणि डोक्यावर जमरा, म्हणजे जवाचे कोवळे अंकुर, घ्यायचे असतात. ते द्यायला बाप हजर नसणं मुलांना फार लागतं. आमच्या दाजूंची लेकही त्या वर्गाची माजी विद्यार्थिनीच. ते गेल्या किती दशैंना घरी गेले नव्हते, हे आम्ही त्यांना त्यानंतर पहिल्यांदा विचारलं.

सोसायटीच्या वार्षिक सभेत ह्यांनी विषय मांडला: वॉचमनना दशैंच्या काळात महिनाभर भरपगारी रजा आणि जाण्यायेण्याचं भाडं. नेपाळला जाताना लोकांनी आमचं कौतुक केलं होतं, वर्गणीही दिली होती. इथे मात्र दीड तास वाद झाला. "मग बदली माणसाचा पगार कोण देणार?" "परत आलाच नाही तर?" "एकदा दिलं की पायंडा पडतो." खजिनदार म्हणाले, कायद्याने जेवढी बसते तेवढी रजा देऊ. त्यांनी ती दिली नव्हती, हे मागच्या रांगेतून कुणीतरी सांगितलं. शेवटी तीन आठवड्यांवर तडजोड झाली. बदली माणूस फक्त आठवड्यातून पाच रात्रींसाठी, उरलेल्या दोन रात्री सभासदांनी आळीपाळीने. यादीत पहिलं नाव ह्यांचं होतं, दुसरं, आश्चर्य म्हणजे, खजिनदारांचं.

ठराव मंजूर झाल्यावर जिना झाडणाऱ्या मावशी दारात उभ्या होत्या, त्यांनी विचारलं, "आणि माझं काय?" त्यांचं गाव जव्हारकडे. त्यांचा विषय पुढच्या सभेच्या पत्रिकेत आठव्या क्रमांकावर आहे. या वेळी तो मी मांडणार आहे, आणि खजिनदारांनी आत्ताच सांगून ठेवलंय की ते विरोध करणार.